कातडीचं दुखणं आणि लघवीची तपासणी
लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा निलंग्याहून माझी बदली तिथल्या कचेरीत झाली. दुष्काळामुळे आंघोळ दोन-तीन दिवसांनी व्हायची. अशातच लिंगाच्या टोकावरची कातडी लाल झाली, खाजू लागली. अस्वच्छतेमुळेच असणार, म्हणून मी तिथं रोज साबण चोळू लागलो, तर आग वाढलीच. कसला वाईट रोग झाला, काही कळेना. शेवटी कातडी मागं सरेना, तेव्हा दवाखाना गाठला.

डॉक्टर म्हणाले, "साबण बंद. नुसत्या पाण्यानं धुवा, कोरडं ठेवा, कातडी जोरानं ओढू नका. लघवी अडली किंवा सूज वाढली तर त्याच दिवशी या." मलम दिलं आणि लघवी तपासायला सांगितली.

"लघवी कशाला, साहेब? दुखणं तर कातडीचं हाय," मी म्हणालो.

लघवीत साखर निघाली, म्हणजे मधुमेह; त्या साखरेमुळंच तिथं बुरशी धरली, असं डॉक्टर म्हणाले. पस्तिशीतला, सडपातळ मी! लाली आठवड्यात गेली, साखरेच्या गोळ्या मात्र सुरू झाल्या. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंजी तुम्हाला लई तहान लागायची, ती उन्हाची नव्हती?"