दहावा फर्मा

पुस्तकं वाचून माणूस शहाणा होतो म्हणे! असं म्हणणाऱ्याला आठवडाभर आमच्या बाइंडिंगखान्यात आणून बसवा. आम्ही जन्मभर पुस्तकांत लोळतोय, शहाणपण काही अंगाला लागलं नाही. पाठ मात्र कामातून गेली.

मी शिवणीला बसते, शेजारी घडीबाई. छापखान्यातून मोठाले कागद येतात, एकेकावर सोळा पानं. तिने घड्या घातल्या की त्याचा फर्मा होतो, आणि फर्मे एकावर एक रचून मी शिवले की झालं पुस्तक. वीस वर्षांत तिची घडी सूतभर तिरकी गेलेली मी पाहिली नाही. स्वभावाने मात्र मुखदुर्बळ. नवरा कुठे असतो विचारलं की "बाहेर" एवढंच सांगायची.

बाहेर म्हणजे देशाबाहेर. सरकारविरुद्ध काहीबाही लिहिलं, धरायला आले तेव्हा पठ्ठ्या मागच्या दाराने पसार! मागे राहिली ही आणि म्हातारी सासू. चौकीवर बसवलं ते हिला, शाळेतली नोकरी गेली ती हिची. पत्रं यायची-जायची ती चौकीवरच अडकायची. सासू अकरा वर्षं अंथरुणाला खिळली होती. तिचं सगळं हिने काढलं, आणि म्हातारीने प्राण सोडला तोही हिच्याच मांडीवर. मी तिथे होते, ऐकीव सांगत नाही.

यंदा एक कादंबरी आली, लेखकाने टोपणनावाने लिहिलेली. गोष्ट म्हणाल तर शेंडा ना बुडखा! देशोधडीला लागलेला एक माणूस स्वप्नात आपलं घर शोधतोय. घर रोज दुसऱ्याच गल्लीत. कधी जिना समुद्रात उतरतो, कधी मेलेली माणसं दार उघडून "कोण पाहिजे?" विचारतात. असली पुस्तकं लोक डोकं धरून वाचतात म्हणे. आमचं बरं असतं. आमच्याकडे आधी पाचवा फर्मा येतो, मग आठवा, मग तिसरा. स्वप्नाला काय, कुठूनही सुरू करा.

पाचव्या फर्म्यावर घडीबाईचा हात थांबला. त्यात भिंतीवरचं एक घड्याळ होतं. मुलाला शाळेला उशीर होऊ नये म्हणून आई ते वीस मिनिटं पुढे ठेवायची.

"हे आमचं घड्याळ," ती म्हणाली. "ह्यांचं पुस्तक आहे गं हे."

त्या दिवसापासून बाई आधी फर्मा वाचायची, मग घडी घालायची. "एवढं काय शोधतेस?" मी विचारलं, तर लाजली. पन्नाशी उलटलेली बाई, लाजली!

"मी कुठे आहे ते बघतेय," म्हणाली.

आठव्यात ती नव्हती. तिसऱ्यात एक बाई भेटली, ती निघाली त्याची आत्या. मी रोज चिडवायचे, "सापडलीस का?" ती म्हणायची, "येईन गं पुढे." आता ती चेष्टा आठवली की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दहाव्या फर्म्यात आई मरते. रिकाम्या घरात, एकटी. घोटभर पाणी द्यायलाही त्या घरात कोणी नव्हतं, असं छापलं होतं. घडीबाईने ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि कामाला लागली.

"अगं, बोल काहीतरी!" मी ओरडले. "अकरा वर्षं काय भिंतींनी काढली?"

"स्वप्न आहे ते. स्वप्नात काहीही दिसतं."

त्या दिवशी तिने डबा उघडला नाही.

पुढच्याच आठवड्यात मालक लेखकमहाशयांना घेऊन आले. सरकार बदललं होतं ना, आता साहेब सन्मानाने परतले होते. प्रत्येक टेबलापाशी थांबून हात जोडत होते. घडीबाईपुढे आले. मधल्या एका दुखण्यात तिचे केस गेलेले, पुढचे दात पडलेले, कबूल. पण नवराच ना तो?

"मावशी, दहावा फर्मा जपून हं," तो म्हणाला. "पुस्तकाचं काळीज आहे ते."

मावशी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, मावशी कुणाला म्हणता? ही तुमची..."

घडीबाईने माझं मनगट करकचून धरलं. "शेजारीण," ती म्हणाली. "तुमच्या आईंच्या शेजारी राहायचे मी."

तो जरा घुटमळला. दोन आठवडे शहरात होता मेला, आणि आत्ता विचारतोय, "मग माझी बायको... ती कुठे असते हल्ली?"

"गेली."

"कधी?"

"आईंच्या आधीच."

त्याच्या चेहऱ्यावर दुःख दिसलं, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या आधी सुटका दिसली. रुमाल काढून त्याने डोळे टिपले आणि मालकांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. तो गेल्यावर मी घडीबाईला नाही नाही ते बोलले. ती म्हणाली, "ओळखलं असतं तर सांगितलं असतं."

पहिला फर्मा आमच्याकडे नेहमी शेवटी येतो. नाव, अर्पण असलं सगळं त्यात असतं ना, ते लेखकांचं शेवटपर्यंत ठरत नाही. चार दिवसांनी तो आला. पाचव्या पानावर मधोमध तीनच शब्द होते: माझ्या दिवंगत पत्नीस.

मी तो कागद फाडायलाच घेतला. घडीबाईने तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि मांडीवर सरळ केला.

"फाडू नकोस गं," ती म्हणाली. "अख्ख्या पुस्तकात मी एवढीच आहे."