नाथाचा टाक

हिर्डोशीच्या सोजराबाईला गावात कुणी बिचारी म्हणत नसे. तशी कुणाची छातीच नव्हती. नाथा तान्हा असताना नवरा फुरसं चावून गेला, तेव्हा भावकीतले चार शहाणे दारात येऊन सांगू लागले, की पोराला दिराच्या पदरात टाक आणि तू आपली माहेरची वाट धर. सोजराबाईने त्यांना उभ्या उभ्या असं काही सुनावलं, की पुन्हा त्या दारी सल्ला द्यायला कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. डोंगरउतारावर तिने स्वतः राब भाजले, नाचणी केली, खाली नीरेकाठच्या खाचरात भात लावला आणि पोर वाढवलं. तेही असं धिप्पाड वाढवलं, की भोरच्या बाजारात भरतीवाल्या शिपायाची नजर त्याच्यावर पडली ती पडलीच.

मोठ्या लढाईची वर्षं होती ती. नाथा पलटणीत गेला. बाईने आकांत केला, जेवण टाकलं, भरतीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. काही उपयोग झाला नाही. पोरगं एकदा रजेवर आलं, आईला अंगाला लावायचा वासाचा साबण देऊन गेलं, आणि मग पाटलाच्या वाड्यावर तार आली. इटली नावाच्या मुलखात नाथा कामी आला. कसा आला, कुठे पुरला की जाळला, त्याचा एक शब्द तारेत नव्हता. पाटलाने वाचली, पुन्हा वाचली, आणि कागद घडी घालून तिच्या हातात दिला. तिला वाचता थोडंच येत होतं!

भातं निघाल्यावर एक बोचकं आलं. पलटणीने मयताचं सामान घरी धाडलं होतं. घोंगडी, कल्हईचा मग, फणी. आणि तळाशी, रुमालात गुंडाळलेलं, तळहातावर मावेल असं एक काळं लाकूड. लाकडावर आडवं लाकूड, आणि त्यावर पितळेचा एक माणूस.

इथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. आमच्याकडे देव्हाऱ्यात टाक असतात. धातूच्या पत्र्यावर उठवलेली ही चित्रं. खंडोबा असतो, भैरोबा असतो, आणि घरातलं कुणी लढाईत पडलं असेल तर त्याचाही टाक करतात. त्याला वीर म्हणतात. वीर देवांच्या रांगेत बसतो, त्याला रोज आंघोळ, अवसेला नैवेद्य. नाही केलं तर तो रानोमाळ भटकतो आणि घराला सुखाने जगू देत नाही. सोजराबाईच्या देव्हाऱ्यातही सासऱ्याच्या आज्याचा टाक होता. घोड्यावर बसलेला, हातात तलवार.

आता अशा घरात, लढाईत मेलेल्या पोराच्या सामानात पितळेचा माणूस निघाला, तर आईने दुसरं काय समजावं? सरकारनेच टाक करून धाडला, असं ती समजली. तुम्ही आम्ही असतो तरी तेच समजलो असतो.

पण हा वीर घोड्यावर नव्हता. तलवार तर नव्हतीच. अंगावर कमरेपुरतं फडकं, डोक्याला काट्यांचं कडं, बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या वर आलेल्या, उजव्या कुशीत भोसकल्याची खाच, आणि दोन्ही हात पसरून लाकडाला खिळलेले. पायावर पाय ठेवून त्यातूनही एक खिळा. डोक्यावर इवलीशी पाटी, तिच्यावर अक्षरं. तो नाथाचा पलटणीतला नंबर असणार, असं तिने धरलं.

 टाकात माणूस कसा दाखवतात? जसा तो पडला तसा. म्हणजे तिचं पोर असं मेलं होतं. गोळी नाही, तलवार नाही. गुरासारखं उघडं करून, जितं, लाकडाला ठोकलं होतं त्याला!

तिने ही गोष्ट कुणाला दाखवली नाही. दीर रखमाजी शेजारच्या खणात राहायचा, त्यालासुद्धा नाही. पोराची अशी विटंबना चारचौघांत काय मांडायची? जुन्या चोळीचा तुकडा फाडून तिने त्या पितळेच्या अंगाभोवती गुंडाळला आणि टाक बाकीच्या देवांच्या मागे ठेवला. सकाळी सगळ्यांची पाठ फिरली की ती तो काढायची, कोमट पाण्याने धुवायची. बोट त्या खिळ्यांवरून फिरायचं. एक हात. दुसरा हात. पाय. कुशीतली खाच. मग पुन्हा फडकं.

रोज रोज हेच. तोंडाने अख्खा गाव हाकणारी बाई मुकी झाली. लोक म्हणाले, पोराचं दुःख आहे, होईल हळूहळू कमी. कसलं कमी होतंय! तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. ठोकल्यावर किती वेळ जिता राहिला असेल? पाणी मागितलं असेल का? मला हाक मारली असेल का? गावात लोहाराने घण उचलला की ही दोन्ही कानांवर हात दाबून रानात पळायची. अन्न गोड लागेना. अंगावरचं मांस झडलं. रखमाजीची बायको म्हणाली, बाईला बाहेरचं लागलं, देवरुष्याला दाखवा. त्यावरही ती भांडली नाही. तेव्हा मात्र रखमाजी खरोखर घाबरला.

अशात बाजी परत आला. बाजी खालच्या वाडीचा, नाथाबरोबरच भरती झालेला. उजवा पाय घोट्यापासून गेला होता, काखेत कुबडी होती. भेटायला आला तेव्हा सोजराबाईने त्याला चहा दिला नाही, पाणी दिलं नाही. दार लोटलं आणि देव्हाऱ्यामागून टाक काढून त्याच्यासमोर धरला.

"बाजी, खरं सांग. माज्या नाथाला कुनी खिळलं?"

बाजीने फडकं बाजूला केलं.

"काकी, ह्यो नाथा न्हाई."

"मंग कोन हाय?"

"ह्यो त्या मुलखाचा द्येव हाय. येशू म्हनत्यात त्याला. तितं वाटंवाटंला असतोय. चवाट्याव, दारात, बायांच्या गळ्यात बी. एकांद्या म्हातारीनं दिला आसंल नाथाच्या हातात. आमाला बी द्यायच्या."

"आन् नाथा?"

बाजीने मान खाली घातली. "म्या दवाखान्यात हुतो, काकी. पाय कापत हुते माजा. नाथा गेला ह्ये मला बी मागनं कळलं."

सोजराबाई त्याच्याकडे असं बघू लागली, की त्याला वाटलं ही आता थोबाडीत देते.

"मला दूधखुळी समजतोस व्हय रं? द्येवाला कोन खिळं मारंल? आन् मारलं तर मारलं, त्याचं त्ये उगडं मढं कोन घराघरात पुजंल? द्येव कदी आसा आसतोय? मला बरं वाटावं म्हून रचतोयस तू."

बाजीने भैरोबाची आण घेतली, मेलेल्या बापाची घेतली. बाई ऐकेना. अखेर तो वैतागून म्हणाला, "सारोळ्याला जावा. नदीच्या पुलापल्याड किरिस्तावांचं प्रार्थनाघर हाय. म्या मोटारीतनं उतरलो तवा बगितलं. भितीवर मानसाएवडा हाय तितं. तोच आसंल तर म्या खरा. नसंल तर येऊन माज्या तोंडात माती घाला."

बाजी खरा असेल तर नाथाला कुणी खिळलं नव्हतं. बस, एवढंच तिला बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिने नाचणीच्या भाकरी बांधल्या, टाक ओच्यात खोचला आणि नीरेच्या काठाकाठाने खाली निघाली. रखमाजी म्हणाला, वैनी, मी येतो. ती म्हणाली, भावजी, तुमी गुरं बगा. भोरला एका ओळखीच्या कासारणीच्या ओसरीवर पडली, पुढे कुणाच्या बैलगाडीत बसली, कुणाच्या शिव्या खाल्ल्या, आणि पायाचे तुकडे पडले तेव्हा सारोळ्याला पोचली.

प्रार्थनाघर कसलं, पत्र्याची एक लांबट खोली. शेजारी छोटा दवाखाना होता, तिथली मार्थाबाई नावाची नगरकडची नर्सच या खोलीची झाडलोट करायची. पाद्री महिन्यातून एकदा पुण्याहून यायचा. धुळीने माखलेली बाई दारात उभी बघून मार्थाबाईला वाटलं, बाळंतपणाला बोलवायला आली असेल.

"भितीवरला मानूस बगायचा हाय मला," सोजराबाई म्हणाली.

मार्थाबाईने तिला आत नेलं. समोरच्या भिंतीवर तो होता. माणसाएवढा, हात पसरलेला. सोजराबाईने वर बघितलं. हा तर गोरापान! केस पिंगट, गाल गुलाबी, रक्त म्हणाल तर कपाळावर कुंकवाचं बोट ओढावं इतकंच. मेल्यासारखा दिसतच नव्हता.

"ह्यो सायब हाय!" ती किंचाळली. "माजा टाक ह्येचा न्हाई. बाजी खोटं बोलला."

तिने ओच्यातून टाक काढला तेव्हा कुठे मार्थाबाईला काय ते कळलं. त्या म्हणाल्या, "अहो, हा परदेशात घडवलाय. तिकडची माणसं त्याला आपल्यासारखा करतात. हा बघा, आमच्या गावच्या सुतारानं केलेला." त्यांनी कोनाड्यातून एक लाकडी क्रूस आणला. त्यावरचा माणूस काळासावळा होता, ओठावर मिशी, कमरेला धोतराचा काचा, आणि हात जुवासारखे सरळ. सुताराला नांगर-जू सोडून दुसरं काही कधी करावं लागलंच नव्हतं.

सोजराबाईने आपला टाक त्याच्या शेजारी धरला. एक गोरा, एक मिशीवाला, आणि तिचा हाडकुळा. तीन तोंडं, तीन माणसं. मग ज्याला त्याला आपापला मेलेला टाकात घालता येत असेल, तर तिच्या हातातला नाथा नाही कशावरून?

पण तिचं बोट तिच्या आधी हललं. रोज धुवून धुवून त्याला वाट पाठ झाली होती. मिशीवाल्याच्या उजव्या कुशीत ते गेलं. खाच होती. पायावर पाय, एकच खिळा. डोक्याला काट्यांचं कडं. ती बाकावर चढली आणि त्या गोऱ्याची कूस चाचपली. तिथंही तेच. डोक्यावर पाटी, पाटीवर अक्षरं, तिच्या टाकावर होती तशीच. सगळ्यांचा नंबर एकच कसा असेल? तो नाथाचा नंबर नव्हताच.

बाकावर उभी राहूनच ती हसली. खरं सांगतो, हसली. "न्हाई खिळलं," ती म्हणाली. "माज्या नाथाला न्हाई खिळलं वो बाई! ह्यो दुसराच कोन हाय." मार्थाबाईने तिला हात धरून खाली उतरवलं, पाणी दिलं. ती घटाघटा प्याली आणि तांब्या खाली ठेवता ठेवता एकदम थांबली.

"मंग माजा कसा मेला?"

 नाथा कसा मेला, हे त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं. हिर्डोशीत नव्हतं, पलटणीच्या कागदात नव्हतं. इतके दिवस तिच्यापाशी निदान एक मरण होतं. वाईट होतं, जिवाला चरे पाडणारं होतं, पण तिच्या पोराचं होतं, आणि ती ते रोज हातात घेत होती. आता तेही गेलं. हातात दुसऱ्याचा देव राहिला.

बाजूच्या भिंतीवर कागदी चित्रं ओळीने लावली होती. उगाच कुठेतरी बघायचं म्हणून ती त्यांच्याकडे बघत होती. शेवटच्या एकाशी तिची नजर अडकली. तोच माणूस, पण लाकडावरून काढलेला. एका बाईच्या मांडीवर आडवा पडलेला, हात खाली लोंबणारा.

"ही कोन?"

"ती त्याची आई. खाली उतरवल्यावर तिच्या मांडीवर दिलं त्याला."

"म्हंजी ती हुती तितं? खिळलं तवा?"

"होती. सगळं डोळ्यांनी बघितलं तिनं."  मार्थाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "तिच्याएवढं दुःख जगात कुठल्या आईला झालं नाही, असं आम्ही मानतो."

सोजराबाईने तो हात झटकला. गेले कित्येक महिने गप्प असलेली तिची जीभ परत आली, आणि ती त्या कागदावरच्या आईवर तुटून पडली.

"दुक? कसलं दुक वो? तिला घावला की! मांडीव घ्याया मिळाला की! त्वांड बगितलं, हात लावला. आजून काय पायजे भवानीला?" ती धापा टाकत होती. "मला द्या माजा. खिळलेला द्या. फाटलेला द्या. काटं रुतलेला द्या, म्या एकेक काडीन. न्हाई खिळलं म्हून हसली व्हय मी मगाशी? आग लागो माज्या हसन्याला. खिळा त्याला, पर आना हितं."

मार्थाबाई तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या. दवाखान्यात कुणी तरी हाका मारत होतं, तरी त्यांना हलवेना. सोजराबाई त्या चित्राखाली मांडी घालून बसली होती. तिची मांडी रिकामी होती आणि ती वर बघत, त्या दुसऱ्या बाईला शिव्या देत होती.