कैद्यांनी शिवलेलं जाळं

चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. लिहिताना काना-मात्रा चुकली तर चूक माझी. बाकी मजकूर बरोबर आहे, त्यात कुणी हात घालू नये.

गेल्या वर्षी आमच्या मिरकरवाडा बंदरात सिनेमावाले आले आणि बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात त्यांनी तुरुंग उभा केला. त्यांच्यातला एक दाढीवाला जेटीवर माणसं निवडत फिरत होता. माझ्याकडे टक लावून बघत म्हणाला, "आजोबा, तुमच्या चेहऱ्यावर छळ सोसल्याच्या खुणा आहेत. कैदी व्हाल?"

मी म्हटलं, "चाळीस वर्षं बोटीवर तांडेल होतो, सगळी बोट माझ्या हुकमात. छळ केला असेल मी. सोसला नाय."

तरी गेलो. घरी बसून सून देईल तेव्हा चहा प्यायचा, त्यापेक्षा तुरुंग काय वाईट?

सिनेमाची गोष्ट अशी. कुठल्याशा देशात एक हुकूमशहा. त्याच्याविरुद्ध लिहिलं म्हणून एक प्राध्यापक आत टाकलेला आणि त्याच कोठडीत एक पाकीटमार. आधी एकमेकांना पाण्यात बघतात, मग एकमेकांसाठी जीव टाकतात. ते दोघे पुढे. मागे भिंतीला टेकून जाळं शिवायची सक्तमजुरी करणारे दोन म्हातारे कैदी. त्यातला एक मी. दुसरा कोण हे आत गेल्यावर कळलं आणि मी तिथूनच परत फिरणार होतो, पण अंगात कैद्याचे कपडे चढले होते. त्या वेषात बाजारातून घरी कसा जाणार?

दुसरा म्हणजे माझ्याच बोटीवरचा जुना खलाशी. अकरा वर्षं माझ्या हाताखाली. एका संध्याकाळी मांडवीसमोर बोट वाळूला घासली, तेव्हा हा सगळ्यांदेखत बोलला, "तांडेलला आता दिसत नाय." दुसऱ्या दिवशी मी त्याला बोटीवरून उतरवला. त्या मोसमानंतर मीही बोट सोडली, पण लोकांना कारण गुडघ्यांचं सांगितलं. सहा वर्षं आमचा अबोला. रस्त्यात समोरासमोर आलो की मी समुद्राकडे बघायचो, तो डोंगराकडे. आणि सहा वर्षांत मी डोळ्यांच्या डॉक्टरची पायरी चढलो नाही. चढलो असतो तर त्याचं खरं झालं असतं.

सिनेमा काढणारी बाई नातीच्या वयाची. तिने आम्हाला समजावलं, "या देशात एकच माणूस बोलतो, बाकीच्यांनी ऐकायचं. खरं बोलणाऱ्याला शिक्षा. कसं वाटत असेल, कळतंय ना आजोबा?"

खलाशी खांबाकडे बघून म्हणाला, "चांगलंच कळतंय. अकरा वर्षं काढलीत."

बाईला वाटलं, हा खरंच तुरुंगात जाऊन आलाय. तिने लगेच त्याच्यासाठी सरबत मागवलं. मला विचारलंसुद्धा नाही.

काम सोपं होतं. दोघांच्या मांड्यांवर मिळून एकच फाटकं जाळं, वर दोरीला टांगलेलं, मधे टोपलीएवढं भोक. आमच्या दोघांच्या मधे ठेवलेला कॅमेरा त्या भोकातून पुढच्या दोघांकडे बघणार. आम्ही नुसते हात हलवायचे. सकाळभर हलवले. मग जेवणाची सुट्टी झाली. आम्ही दोघे लवकर जेवून जागेवर येऊन बसलो. समोर भोक, हातात सुई, सुईत दोरा भरलेला. मिरकरवाड्यातला माणूस अशा वेळी काय करणार? त्याने त्याच्या बाजूने सुरुवात केली, मी माझ्या. बोलणं नाही, बघणं नाही. मधे येऊन भेटलो तेव्हा भोक बंद.

मग मला दोरा हलल्यासारखा वाटला. खलाशी माझ्या गाठी सोडून परत बांधत होता. गुपचूप. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोटांनी चाचपून बघितलं. जाळ्याच्या एका घरात दोन बोटं जात होती, शेजारच्या घरात अख्खी मूठ. असं जाळं पोराने शिवलं असतं तर मी त्याच्या हातातून सुई काढून घेतली असती.

तेवढ्यात बाई आली आणि किंचाळली, "भोक कुठे गेलं?"

सकाळच्या चित्रात भोक, दुपारच्या चित्रात नाही, हे म्हणे चालत नाही. तिने कात्री मागवली. आम्ही दोघांनी जाळं छातीशी धरलं. शिवलेलं जाळं कापायचं? पुढचा प्राध्यापक आणि पाकीटमार ताटं घेऊन आमचा सिनेमा बघायला आले.

"कापायचं असलं तर तांडेलला विचारा," खलाशी म्हणाला. या वेळी तो खांबाकडे बघत नव्हता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे लागले असावेत. दाढी आणि साडी एवढाच फरक मला कळत होता.

मी म्हटलं, "माझ्या बाजूने कापा. गाठी चुकल्यात. मला दिसत नाय."

मग खलाशी हळूच म्हणाला, "एवढ्या काय चुकलेल्या नायत."

"गप रे मेल्या. चुकल्यात म्हणतो ना मी!"

बाईने कापलं. माझ्याच बाजूने. दुपारभर आम्ही पुन्हा हात हलवले आणि मधल्या वेळात तो माझ्या कानाशी पुटपुटत राहिला, "उद्या नवाला रिक्षा आणतो. डॉक्टरकडे. तयार राव्हा."

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोर पहिला तोच. केस पांढरे, गाल आत गेलेले, वरचे दोन दात गायब. सहा वर्षांत हा एवढा वाईट दिसायला लागला असेल असं मला वाटलं नव्हतं. डॉक्टर, नर्स आणि माझी सून यांच्यादेखत मी त्याला तसं सांगितलं.