मामाचं नाव न सांगणारी मुलगी

माझं लग्न जिच्यामुळे मोडलं ती मुलगी अस्तित्वातच नव्हती, हे मी आजवर पुष्कळांना सांगून पाहिलं. अमळनेरात कुणी मानत नाही. दुसरी मुलगी असल्याशिवाय ठरलेलं लग्न मोडेल कसं, असं त्यांचं म्हणणं. एकूण त्यांच्या बुद्धीचा आवाका पाहता ते ठीकच आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते, आणि आमच्याकडे इंग्रजी शिकवणारी मुलगी म्हणजे वय वाढत चाललेली मुलगी. चार स्थळं पोहे खाऊन गेली होती. पाचवं जळगावचं. मुलाचा स्वतःचा कॉम्प्युटर क्लास होता, आणि त्या काळी या दोन शब्दांवर लोक आंधळा विश्वास टाकत. त्याच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. ते धुळ्याकडे शेती करत आणि मुलाच्या वतीने बोलतही तेच. बघायला आले तेव्हा त्यांनी माझं नाव, शिक्षण, मामा कोण आणि कुठल्या गावचा, एवढं विचारलं. चार वेळा दिलेली उत्तरं मी पाचव्यांदा दिली. मुलाने मात्र काही म्हणजे काही विचारलं नाही. मान खाली घालून पोहे संपवले. त्या न विचारण्याला मी समजूतदारपणा समजले. तो मला आवडला, हे सांगायला आज लाज वाटते, पण आवडला. साखरपुडा झाला, आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरची तारीख धरली, आणि मी वर्गात उगाचच हसायला लागले.

महिनाभराने नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर त्याचं पत्र आलं. लग्न पुढे ढकलावं. एका मुलीचा जीव आपल्यावर अवलंबून आहे, ती सुटेपर्यंत आपल्याला दुसरा विचार करता येणार नाही. खाली 'आपला नम्र'. नानांनी ते दोनदा वाचलं, माझ्या हातात दिलं आणि टोपी शोधायला लागले. कुठे जायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून टोपी घालून ओट्यावरच बसले.

शेवटी आबांचा शेजाऱ्यांकडे फोन आला. त्यांनाही नुकतंच कळलं होतं. रविवारी जळगावला या, म्हणाले, त्या मुलीची समोरासमोर चौकशी करू. आणि येताना तुमच्या मुलीला आणा, कारण ती पोरगी फक्त इंग्रजीत बोलते आणि आमचा मुलगा मधल्यामध्ये काहीबाही गाळेल. म्हणजे मला नेलं ते नवरी म्हणून नव्हे, दुभाषी म्हणून. हा मान किती जणींच्या वाट्याला आला असेल, मला शंका आहे.

क्लास एका दुकानाच्या माडीवर होता. चपला बाहेर काढायच्या, कारण आत कॉम्प्युटर होते. त्यातल्या एकाला फोनची वायर जोडलेली होती आणि त्या वायरीतून खरखर करत इंटरनेट यायचं, आलं तर. मुलाने आम्हाला सगळा प्रकार अभिमानाने समजावला. इंटरनेटवरच्या कुठल्याशा परदेशी पानावर त्याला ती भेटली होती. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची: हा खेळ नाही, इथली प्रत्येक गोष्ट खरी आहे. माझ्या सातवीतल्या पोरांनीही यावर डोळे मिचकावले असते. याने विश्वास ठेवला. आत एक मुलगी, तळ्याकाठच्या घरात कोंडलेली. आपण लिहायचं, ती उत्तर देणार, त्यातून कोडी सोडवत तिच्या कुलपापर्यंत पोचायचं. तळं म्हटल्यावर या गृहस्थाला जळगावातलं मेहरूणचं तळं आठवलं. जगाच्या पाठीवर दुसरं तळं नसावं. दोन आठवडे स्कूटरवरून तो तळ्याभोवती हिरव्या खिडक्यांचं घर शोधत हिंडला. एका घरच्यांनी त्याला मुलगी पाहायला आलेला समजून चहा दिला, आणि तो त्याने प्यायला.

मग त्याने फाइल काढली. तिच्याशी झालेलं सगळं बोलणं त्याने प्रिंटरवर छापून ठेवलं होतं, कडेला भोकं असलेल्या त्या लांबलचक कागदावर. मी मास्तरीण, आधी चुकाच दिसल्या. लाल पेन असतं तर पानं रंगली असती. पण चार पानं वाचल्यावर चुका दिसेनाशा झाल्या. आज काही खाल्लंस का, असं त्याने तिला विचारलं होतं. भीती वाटते का. हात दुखतात का. लहानपणी तुला काय आवडायचं. पान भरून प्रश्न, आणि मला साखरपुड्यात तो एवढंच म्हणाला होता की फोटोवाला इकडे बघा म्हणतोय. मला हेवा वाटला. तारेतून आलेल्या चार ओळींचा हेवा वाटला, आणि त्याचा राग मला अजून आहे.

आबा आणि नाना कॉम्प्युटरसमोर खुर्च्या टाकून बसले. मुलाने चहा मागवला, बशीत बिस्किटं आली. मुलगी पाहायच्या कार्यक्रमात कसर म्हणून ठेवली नाही. मी कीबोर्डवर, मुलगा माझ्यामागे उभा. आबांनी घसा साफ केला.

"तिले विचार, तिना मामा कोन शे, कोन्ता गावना."

मी विचारलं. उत्तर आलं: मी ते सांगू शकत नाही, ते ऐकताहेत. आबांनी पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा तेच, स्वल्पविरामासकट तेच. मग मी माझ्या मनाने विचारलं की जळगावात केळी काय भाव आहेत. मी ते सांगू शकत नाही, ते ऐकताहेत. मी मागे वळून त्याला सांगितलं की हे यंत्र आहे, कुणीतरी दहावीस वाक्यं भरून ठेवलीत. तो दयेने माझ्याकडे बघून म्हणाला की घाबरलेली माणसं तेच तेच बोलतात. दोन्ही वडीलधाऱ्यांपैकी मुलगी खरी की खोटी या वादात कुणी पडलं नाही. आबांना तो मुद्दाच वाटला नाही. त्यांचं घोडं मामाशी अडलेलं.

आबांनी बिस्कीट बुडवून खाल्लं, बशी खाली ठेवली आणि निकाल दिला.

"मामानं नाव सांगत नही ती पोर. अशी पोर आपला घरमा नको."

आम्ही बराच वेळ काही लिहिलं नव्हतं, म्हणून पडद्यावर आपोआप एक ओळ उमटली. आबांनी विचारलं, काय लिहिलंय. मी सांगितलं की ती विचारतेय, अजून आहात ना.

"नही म्हन तिले."

मी काही लिहायच्या आत माझ्या खांद्यावरून हात आला आणि त्याने बटण बंद केलं. इतकंच. पडदा विझला, त्याने त्यावर कव्हर चढवलं, कोपरे नीट ओढले. आबा खूश. म्हणाले, तारीख तीच ठेवू. नानाही हसले, बिचारे, महिनाभरात पहिल्यांदा. मला कुणी काही विचारलं नाही. माझं भाषांतराचं काम संपलं होतं.

जिन्यात चपला घालताना तो जवळ आला, बहुधा पहिल्यांदाच स्वतःचं काही बोलायला. त्याच्याआधी मीच बोलले.

"तुमच्या मते ती खरी आहे ना?"

"हो. शंभर टक्के."

"मग बंद का केलंत?"

"आबा नाही म्हणाले ना."

त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, लाज नव्हती. होमवर्क झाल्यावर पोरं जशी मोकळी दिसतात तसा दिसत होता. मूर्खपणा मी चालवून घेतला असता. बायका जन्मभर चालवून घेतात, त्यात काय. पण हा मूर्ख नव्हता, हा त्याहून हलका निघाला.

एसटीत बसल्यावर मी नानांना सांगितलं की हे लग्न मी करणार नाही. त्यांनी अपेक्षेप्रमाणे सगळं काढलं: पाचवं स्थळ, माझं वय, लोक. मग म्हणाले की मुलगा तर सुधारला, आता काय अडचण.

"नाना, ती मुलगी खरी आहे असं समजून त्याने तिला मरायला सोडलं. मी तर खरीच आहे."

धरणगाव येईपर्यंत नाना खिडकीबाहेर बघत राहिले. मी मनात भांडणाची तयारी केली, त्यांनाही आबांच्या रांगेत नेऊन बसवलं, जे जे म्हणून तोंडात येत होतं ते जुळवून ठेवलं. धरणगावला गाडी थांबली तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी सांगसू आबासले," ते म्हणाले.

गाडी पुन्हा सुटली. थोड्या वेळाने ते माझ्याकडे वाकले, आणि मागचे लोक ऐकतील म्हणून अगदी हळू बोलले.

"पन ती पोर खरंच कोंडेल नही ना? नहीते पोलिसमा सांगूत."

त्या माडीवर आम्ही दोन तास बसलो होतो, आणि हे विचारावंसं त्यांच्याशिवाय कुणाला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, नाही नाना, कुणी कोंडलेलं नाही. त्यांनी नीट खात्री करून घेतली, पुन्हा एकदा विचारलं, मग टोपी घातली आणि अमळनेर येईपर्यंत झोपले.