फुकटच्या सिस्टीमला नारळ नाही

आत्ताच गोव्यातल्या पार्से गावच्या वाचनालयातून आले. तोंड अजून कडू आहे, म्हणून लिहिते.

तीन वर्षांपूर्वी तिथल्या दोन जुन्या कॉम्प्युटरवर मी विंडोज सिस्टीमऐवजी लिनक्स घालून दिलं होतं. फुकट मिळतं, पण रीतसर. निवृत्त गुरुजी त्यावर भजनं टाइप करायचे, मुली नोकरीचे फॉर्म भरायच्या. तक्रार कुणाचीच नव्हती. तरी कमिटीला ते फुकटचं म्हणून खुपायचं.

आज एका देणगीदाराने विंडोजवाले दोन नवे कॉम्प्युटर दिले. समई, नारळ, शाल, भिंतीवर त्याच्या नावाची पाटी. पाहुण्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर आलं, विंडोजची ही प्रत अधिकृत नाही. टाळ्या तरीही झाल्या.

पाहुणे गेल्यावर सेक्रेटरींनी मला कोपऱ्यात बोलावलं. "गो, तुजां तां फुकटचां ह्येच्यार घाल. पण कोणाक सांगू नको, वायट दिसतलां."

नव्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं. गुरुजी लगेच टाइप करायला बसले, वर भिंतीवर देणगीदाराच्या नावाची ती पाटी.

कुणाला सांगू नको म्हणाले, म्हणून सगळ्यांना सांगते. चोरीच्या प्रतीसमोर नारळ फोडताना कमिटीला वाटली नाही, ती लाज माझं लिनक्स घालून घेताना का वाटली?