फुलथ्रूवाले काका

केनवडच्या बाजारात फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या काकांचं नाव मी कधी विचारलंच नाही. पूर्वी ते पोलिसांच्या जुन्या थ्री नॉट थ्री रायफली सांभाळत, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

पंपाची पितळी नळी तुंबली, की इतर मिस्त्री तार खुपसतात. काका पिशवीतून फुलथ्रू, म्हणजे बंदुकीची नळी साफ करायची दोरी, काढत. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाच्या फाशात तेलाची चिंदी. वजन नळीतून सोडायचं आणि दोरी एका दमात ओढायची; मध्येच थांबलं की चिंदी अडकते.

"बंदुका जमा झाल्या," गेल्या वर्षी माझी नळी साफ करताना ते म्हणाले, "हे कोनं मांगतलंच नाई."

मग नळी आभाळाकडे धरून, एक डोळा मिटून ते आत पाहतच राहिले. माझी फवारणी खोळंबली होती.

"काका, साफ झाली ना? आता काय पाहून राह्यले?"

"रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या आट्या राह्यते. साफ झाली का भोवऱ्यावानी चमके." त्यांनी नळी हळूच खाली घेतली. "याच्यात निसता उजेड हाय."

यंदा माझी नळी तुंबली नाही. तरी परवा त्यांच्याकडे नेऊन दिली आणि शेजारी बसून राहिलो.