व्हॉल्व्ह कोणी बंद केला

धक्क्याला कायमची बांधून ठेवलेली जुनी पाणबुडी लोकांना दाखवायचं काम पेरिस्कोपवाले काका अकरा वर्षं करत होते. उमेदीची नऊ वर्षं त्यांनी याच पाणबुडीत पेरिस्कोपच्या देखभालीवर काढली होती.

“आताच्या अणुपाणबुड्या महिनोन्महिने खाली राहतात,” ते सांगत. “समुद्राच्याच पाण्यातून प्यायचं पाणी काढतात, श्वासाची हवासुद्धा! आमचं तसं नव्हतं. पाण्याखाली बॅटरीवर चालायचं. ती उतरली की वर यायचं, कारण डिझेल इंजिनाला हवा लागते. तिघांत दोन बिछाने. आणि अगदी सुरुवातीच्या पाणबुडीवाल्यांचं तर विचारूच नका, त्यांची पाणबुडी म्हणजे हातानं पंखा फिरवून चालवायचं लोखंडी पिंप!”

लोक हसत. मग काका बॅटरीच्या खोलीवरचं झाकण उघडत. “इथे एकदा समुद्राचं पाणी शिरलं. खारं पाणी बॅटरीत गेलं की विषारी वायू होतो. मी खाली उतरलो नि व्हॉल्व्ह बंद केला.”

टाळ्या पडत.

खरं तर उतरला होता त्यांचा मित्र, बॅटरीवाला. काका शिडी चढून पळाले होते. बॅटरीवाल्याची छाती त्या दिवशी कामातून गेली ती गेलीच. पुढे तो त्यातच वारला.

एका दुपारी टाळ्या थांबल्यावर एक बाई पुढे आली.

“मी बॅटरीवाल्यांची मुलगी. बाबा म्हणायचे, व्हॉल्व्ह त्यांनी बंद केला आणि शुद्ध हरपल्यावर तुम्ही त्यांना ओढून वर काढलंत. तुमच्यासोबत फोटो काढायला आले होते. पण तुम्ही तर भलतंच सांगताय.”

काकांना कळून चुकलं. त्या माणसानं पळपुट्या मित्राची अब्रू स्वतःच्या घरातसुद्धा झाकली होती, आणि आपण त्याचंच शौर्य चोरून मिरवत होतो.

“व्हॉल्व्ह त्यांनीच बंद केला,” काका सगळ्यांसमोर म्हणाले. “मी ओढलं-बिढलं नाही. मी पळालो. ते एकटेच रांगत वर आले.”

“मग त्यांनी तुमचं नाव का घेतलं?”

“माहीत नाही, बाळा. नंतर त्यांच्या घराची पायरी चढायची लाज वाटली.”

ती फोटोही न काढता निघून गेली.

काका अजून तेच काम करतात. झाकणापाशी आले की खरं ते सांगतात, आणि आधी खोटं सांगत होतो हेही. परवा कोणीतरी विचारलं, “मग इतकी वर्षं खोटं का बोललात?”

काकांनी मान खाली घातली. “डोकं सांभाळा, पुढचं दार बुटकं आहे,” म्हणत ते वाकून पुढच्या खोलीत शिरले.